एकत्र संशोधन, एकच अर्ज: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच होता. वेगवेगळ्या विषयांची माणसं मिळून संशोधन करणार असतील, तर विद्यापीठाकडे निधी कसा मागायचा? मी बरीच वर्षं असे अर्ज लिहिले, नंतर छाननी समितीतही बसले. त्या दोन्ही बाजूंच्या अनुभवावरून उत्तरं देते आहे.

प्रश्न: मी ठाण्याच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. माझी मैत्रीण ऐरोलीला अर्थशास्त्र शिकवते. खाडीतला गाळ आणि कोळीवाड्यांचं उत्पन्न यावर आम्हाला एकत्र काम करायचंय. पीआय (प्रमुख संशोधक) कोण व्हावं आणि अर्ज कोणत्या शाखेत भरावा?

पीआयचं नंतर बघू. आधी तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्यातून मैत्रिणीचा विषय खोडून पाहा. वाक्य तसंच उभं राहिलं, तर तो प्राणिशास्त्राचा प्रकल्प आहे आणि मैत्रीण त्यात पाहुणी आहे. ‘ठाणे खाडीतील गाळाचा अभ्यास व कोळी समाजाची आर्थिक स्थिती’ असं शीर्षक मनात असेल, तर ते दोन प्रकल्प मधल्या ‘व’ने बांधलेत. समितीपुढे असे अर्ज गठ्ठ्याने येतात आणि बहुतेक पहिल्याच फेरीत बाजूला पडतात.

आता असं विचारून बघा: गाळ वाढल्यामुळे ओहोटीच्या वेळी होडी किती तास धक्क्यालाच अडकते, आणि त्या तासांची किंमत घराला किती पडते? याचं उत्तर दोघींपैकी एकीला एकटीने देता येणार नाही. गाळाची खोली तुम्ही मोजणार, बुडालेल्या कमाईचा हिशेब ती मांडणार, आणि दोन्ही आकडे त्याच धक्क्याचे, त्याच दिवसांचे लागणार. उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) ओहोटीला पाणी पार उतरतं, भांगाला (अष्टमीच्या आसपास) तितकं उतरत नाही. मग घरोघरचा सर्व्हे भांगाला आणि गाळाची मोजणी उधाणाला झाली, तर आकडे जुळणार कसे? दोघींचं वेळापत्रक तिथीप्रमाणे एकाच तक्त्यात मांडा. परीक्षकाला तुमचं सहकार्य खरं आहे हे त्या एका तक्त्यावरून कळतं, प्रस्तावनेतल्या मोठमोठ्या शब्दांवरून नाही.

शाखेबद्दल. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार आपल्याकडे चार विद्याशाखा आहेत आणि चौथीचं नावच ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ आहे. नावावरून तिकडे धावू नका. शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, समाजकार्य असे विषय त्या शाखेत येतात. ज्या विषयाच्या पद्धतीवर कामाचा जास्त भार आहे, त्या शाखेत अर्ज भरा, पीआयही त्याच विषयाची ठेवा, आणि सोबतच्या पत्रात दुसऱ्या विषयाचा परीक्षकही नेमावा अशी विनंती करा. अशी विनंती करण्यात गैर काही नाही.

आणखी एक. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला खाडीचा पश्चिम भाग २०१५पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. क्षेत्र १,६९० हेक्टर, आणि २०२२पासून रामसर स्थळही (म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा). तिथे संशोधनासाठी उतरायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८प्रमाणे वन विभागाचं परवानापत्र लागतं. निधी मंजूर झाल्यावर परवान्यासाठी धावलात, तर एक अख्खा मोसम हातचा जाईल. अर्ज भरतानाच तिकडेही अर्ज द्या आणि त्याची पोच प्रपोजलला जोडा.

प्रश्न: नेरुळहून लिहितोय. आमचा प्रस्ताव दोनदा परत आला. एक परीक्षक म्हणतो ‘सांख्यिकी वरवरची’, दुसरा म्हणतो ‘समाजशास्त्र वरवरचं’. आमचं चुकतंय कुठे?

आधी धीर धरा, कारण हे तुमच्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही. ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिल या निधी देणाऱ्या संस्थेकडे पाच वर्षांत आलेले १८,४७६ प्रस्ताव तपासून २०१६ साली ‘नेचर’मध्ये एक अभ्यास छापून आला. जितके दूरचे विषय एकत्र आणलेले, तितकी मंजुरीची शक्यता कमी, असं त्यात दिसलं. मला त्याचं वाईट वाटतं. आपल्या शहरांचे बहुतेक प्रश्न एका विषयात मावणारे नाहीत, आणि तेच घेऊन येणाऱ्यांना दार अरुंद आहे.

चूक बहुधा इथे असेल: तुम्ही दोघांनाही समजावं म्हणून दोन्ही पद्धती सोप्या करून लिहिल्या. त्यामुळे प्रत्येक परीक्षकाला स्वतःच्या विषयाचा भाग कच्चा वाटला. उलट करा. पद्धतीच्या प्रकरणात प्रत्येक विषयाचा भाग त्या विषयाच्या तज्ज्ञासाठीच लिहा, पूर्ण खोलीने. सोपं लिहायचं ते फक्त सारांशात आणि दोन्ही भाग जिथे जोडले जातात त्या पानावर.

शब्दही तपासा. ‘नमुना’ म्हटलं की प्राणिशास्त्रज्ञाला बरणीतला चिखल दिसतो, अर्थशास्त्रज्ञाला निवडलेली २०० घरं. एका अर्जात हा शब्द दोन्ही अर्थांनी आला होता आणि ‘नमुन्यांची संख्या’ कशाची, हे समितीतल्या आम्हा पाच जणांना कळेना. अर्ज वाईट नव्हता, पण त्या दिवशी तो मागे पडला. अशा दहाबारा शब्दांचे अर्थ पहिल्याच पानावर ठरवून टाका.

प्रश्न: कोपरखैरणेच्या शाळेतल्या मुलांवर आम्ही अभियांत्रिकी आणि मानसशास्त्राचे शिक्षक मिळून एक ॲप वापरून बघणार आहोत. आमच्या कॉलेजात एथिक्स कमिटी (संशोधनातली नैतिकता तपासणारी समिती) नाही. ती लागतेच का?

लागतेच. ‘आम्ही फक्त ॲप बनवतो’ असं म्हणून अभियांत्रिकीवाल्यांना सुटता येत नाही, मुलांची माहिती गोळा होतेय. स्वतःची समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेशी करार करून तिच्या समितीकडे जाता येतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे. पालकांची संमती हवी, आणि ७ ते १८ वयाच्या मुलांचा स्वतःचा होकारही हवा. १२ वर्षांपर्यंत तोंडी चालतो, पुढे लेखी. संमतीपत्र मराठीत, आणि मूल ज्या भाषेत घरी बोलतं त्या भाषेतही करा. मुख्याध्यापकांचं पत्र म्हणजे पालकांची संमती नव्हे.

प्रश्न: दोन कॉलेजांचा एकत्र प्रकल्प आहे. पैसे एकाच कॉलेजच्या खात्यात येणार. पुढे भांडणं नकोत म्हणून काय करावं?

हे मी पोळलेल्या हाताने लिहिते आहे. माझ्या पहिल्या एकत्रित प्रकल्पात निधी मुख्य संस्थेत आला. आमच्या बाजूची फील्ड असिस्टंट रोज लोकलने जाऊन सर्व्हे करत होती, आणि तिचं मानधन सात महिने तिकडच्या लेखा विभागात अडकून राहिलं. कोणी खाल्लं नव्हतं. कोणाच्या सहीने खर्चाच्या कोणत्या हेडमधून द्यायचं, हेच कुठे लिहिलेलं नव्हतं. ती मुलगी शेवटी काम सोडून गेली आणि तिच्यासोबत तिने ओळखीचे केलेले साठ दरवाजेही गेले. त्याची बोच अजून आहे.

म्हणून अर्जाआधीच दोन्ही प्राचार्यांच्या सहीचा करार करा. कोणतं काम कोणाचं, किती रक्कम कोणत्या हेडखाली कोणत्या महिन्यात पुढे जाणार, उपकरण प्रकल्प संपल्यावर कोणाकडे राहणार, बिलं कोण जपणार, सगळं त्यात हवं. पुढचा हप्ता यूसी (निधी ठरल्या कामी वापरल्याचा दाखला) आणि खर्चाचा तपशील दिल्याशिवाय सुटत नाही, आणि एका कॉलेजची बिलं अडली की दुसऱ्याचंही काम थांबतं. मार्चअखेर उरलेल्या रकमेचं काय करायचं तेही मंजुरीपत्रात वाचून ठेवा.

शोधनिबंधावरच्या नावांचंही आताच ठरवा. अर्थशास्त्रात बहुधा आडनावांच्या वर्णानुक्रमाने नावं लावतात. जीवशास्त्रात पहिलं नाव ज्याने काम केलं त्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं. एकाच यादीकडे दोघं वेगळ्या नजरेने बघतात आणि मनं दुखावतात. कोणी काय केलं ते नोंदवायच्या ‘क्रेडिट’ नावाच्या पद्धतीत १४ भूमिका दिल्या आहेत: कल्पना, विदा (डेटा) गोळा करणं, विश्लेषण, निधी मिळवणं वगैरे. त्यावर खुणा करून कागद करारालाच जोडा.

प्रश्न: शेवटची तारीख चार दिवसांवर आहे, प्राचार्य रजेवर आहेत. प्रभारींची सही चालेल?

प्रभारी म्हणून लेखी नेमणूक असेल तर सहसा चालते, तरी विद्यापीठाच्या संशोधन विभागाला आजच विचारा. पण चार दिवसांत जोडीदाराशी बसून प्रश्न घडवता येत नसेल, तर यंदाचं सोडून पुढच्या परिपत्रकाची वाट बघा.

प्रश्न: मी दिवाळे कोळीवाड्यातला. दर वर्षी कोणीतरी येतं, प्रश्न विचारतं, जाळ्यांचे फोटो काढतं. पुढे काय झालं, कधीच कळत नाही. आता एका कॉलेजने ‘सहभागी’ म्हणून आमच्या मंडळाची सही मागितलीय. द्यावी का?

दादा, या महिन्यातलं सगळ्यात मोलाचं पत्र तुमचं. सहभागी हा शब्द अर्जात शोभेसाठी वापरला जातो, हे मी समितीत बसून पाहिलंय, आणि आम्ही परीक्षकांनीही पुरेसं विचारलं नाही, ही आमचीच चूक.

सही देण्याआधी त्यांच्याकडून प्रपोजलचा मराठी सारांश मागा आणि मंडळाच्या बैठकीत वाचून घ्या. बजेटचं पान बघा. तुमची होडी, डिझेल आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी यांसाठी रक्कम आहे का? नसेल तर सांगा, अर्ज जाण्याआधी ती घालता येते, नंतर फार कठीण. माशाचं कोणतं पिल्लू कोणत्या महिन्यात खाडीकाठच्या कुठल्या खाजणात येतं, हे तुमच्याकडून कळणार असेल, तर सांगणाऱ्याचं नाव त्याच्या इच्छेप्रमाणे अहवालात यायला हवं. निष्कर्ष आधी कोळीवाड्यात येऊन सांगायचे, मग छापायचे, हेही लिहून घ्या. आणि प्रश्न ठरवतानाच तुमच्यातला एकजण सोबत बसवा. गाळ कुठे मोजायचा हे त्याला विचारल्याशिवाय ठरवलेला प्रकल्प मी तरी मंजूर करणार नाही.

हे सगळे मुद्दे त्यांनी कागदावर दिले, की सही करा.