हसवता हसवता चटका लावणाऱ्या विज्ञानकथा कशा वाचाव्यात?

तुम्ही विचारलंय की, काही छोट्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचताना मजा येते, पण संपताना त्या जीवाला चटका लावून जातात. त्यांत नेमकं काय बघायचं आणि शेवट कळल्यावर त्या पुन्हा का वाचायच्या?

माझ्या मते अशी कथा दुसऱ्यांदाच खरी भेटते. तिच्यात हसवणारी आणि दुखावणारी जागा एकच असते. पहिल्यांदा आपण तिथे हसतो आणि पुढे जातो. शेवट माहीत असला की त्याच ओळीशी पाय अडतो.

डॅनियल कीज यांची १९५९ सालची 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' घ्या. (तिची पुढे कादंबरीही झाली, पण आधी मूळची कथाच वाचा.) चार्ली गॉर्डन हा कमी बुद्धीचा, भाबडा माणूस. शस्त्रक्रिया करून त्याची बुद्धी वाढवतात. आधी तोच प्रयोग अल्जर्नन नावाच्या उंदरावर झालेला असतो. सगळी कथा चार्लीने लिहिलेल्या नोंदींतून पुढे सरकते. सुरुवातीच्या नोंदी शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेल्या. कारखान्यातली माणसं त्याची टिंगल करतात आणि हा लिहितो, ते माझे चांगले दोस्त आहेत. हळूहळू चुका नाहीशा होतात, वाक्यं पल्लेदार होतात आणि टिंगलही त्याला कळायला लागते. मग उंदराची बुद्धी ढासळते. त्यानंतर चार्लीच्या लिखाणात चुका एकेक करून परत येतात. पहिल्या पानावर ज्या चुकीला आपण हसलो, ती शेवटच्या पानावर बघवत नाही.

मराठीत हे कुठे भेटतं विचाराल, तर मी आधी जयंत नारळीकरांचं नाव घेईन. त्यांचा जन्म आमच्या कोल्हापुरातला, १९३८ चा, त्यामुळे आम्हाला त्यांच्याबद्दल जरा जास्तच माया. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, म्हणजे नावाचं वजन परीक्षकांवर पडायला नको. पहिलं बक्षीस त्याच कथेला मिळालं.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मला फार प्रिय आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात, जिथे १७६१ ची ती लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे चाटून गेली, एवढाच काय तो फरक. आपल्याकडे पानिपत म्हटलं की आजही काळजात कळ येते, म्हणून मराठी वाचक त्या जगात आनंदाने शिरतो. पंत मात्र मुंबईला जाऊन आपल्या मुलाची चौकशी करतात, तर त्या नावाचा कोणी माणूसच तिथे नाही. लढाई जिंकलेली आणि मुलगा नाही. लेखक इथे एक उसासासुद्धा टाकत नाही, प्रसंग दोन-चार ओळींत उरकतो. तुम्ही तिथे थांबा.

पुढे सभेचा प्रसंग येतो. शेकडो सभांचं अध्यक्षपद भूषवलेल्या पंतांना व्यासपीठावरची रिकामी खुर्ची बघवत नाही. ते धावत जाऊन तीत बसतात आणि बोलू लागतात. त्या जगाने अध्यक्षीय भाषणांची प्रथाच बंद केलेली असते, त्यामुळे त्यांच्यावर टोमॅटो-अंड्यांचा मारा होतो. प्रसंग पोट धरून हसवणारा आहे. पण मुलाची चौकशी मनात ठेवून तो वाचा. आपल्या माणसांतून उठलेला हा गृहस्थ आयुष्यभर हक्काची वाटलेली एकच जागा धरायला गेला, आणि तीही त्या जगात नाही.

म्हणून मी कथेतलं विज्ञान बरोबर की चूक यात फार वेळ घालवत नाही. लेखकाने जगात कोणता एक बदल केला आणि त्याची किंमत कोण मोजतंय, एवढं शोधते.

ही चव आपल्या लोककथांतही आहे. कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाजवळच्या नंदीची आख्यायिका इथे लहानपणीच कानावर पडते: तो रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी रंकाळ्याला पोचेल त्या दिवशी जगबुडी. प्रलयाचा हिशेब गहू-तांदळाच्या दाण्यांत! पोरं खुदकन हसतात आणि मग नंदीकडे जरा निरखून बघतात. आर्थर क्लार्क यांची १९५३ ची 'द नाइन बिलियन नेम्स ऑफ गॉड' याच जातीची. तिबेटी भिक्षू देवाची सगळी नावं लिहून काढायला संगणक आणतात, त्यांचा हिशेब वेगळा एवढंच. शेवट सांगत नाही.

ज्या कथेत शेवटच्या धक्क्याशिवाय काही नाही, ती खुशाल बाजूला ठेवा. बोधाकडे झुकणाऱ्या कथांनीही ही हुरहुर लागत नाही. खांडेकरांच्या रूपककथांबद्दल मला आदर आहे, पण त्यांत अर्थ बहुधा हातात दिला जातो.

वाचायची रीत म्हणाल तर कथा एका बैठकीत, जमल्यास मोठ्याने वाचा, आणि संपल्यावर लगेच दुसरी सुरू करू नका. संग्रह सलग वाचला की चटक्याची सवय होते आणि सगळ्या कथा सारख्याच वाटू लागतात. अद्भुतकथा आणि विज्ञानकथा छापणाऱ्या 'नवल'चे जुने दिवाळी अंक मिळाले तर सोडू नका. कोल्हापुरात असाल तर १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा. सुरुवात गंगाधरपंतांपासून करा, आणि दुसऱ्या वाचनात तुम्ही कोणत्या ओळीला थांबलात ते इथे लिहा. मला वाचायला आवडेल.