मराठी ब्लॉग आणि हौशी कोडिंग: वरकमाई होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंधेरीला खासगी कंपनीत नोकरी, रात्री जेवणानंतर दोनेक तास मोकळे. मराठीत ब्लॉग लिहिला तर जाहिरातींतून महिन्याला पाच-सात हजार सुटतील का? सोबत कोडिंगसाठी पायथन ही भाषा शिकताय, म्हणजे दोन दगडांवर पाय होतोय का? आणि या सगळ्यासाठी नवा लॅपटॉप घ्यावा का?

नुसत्या मराठी लेखांवरच्या जाहिरातींतून महिन्याला पाच-सात हजार सुटणार नाहीत. निदान त्या भरवशावर कुठला हप्ता बांधून घेऊ नका. दोन दगडांचं म्हणाल तर मला या उद्योगात जे काही पैसे दिसले ते लेख आणि कोड यांच्या जोडीतूनच दिसले. एकट्या लेखांतून चहापाणी निघालं, एकट्या कोडमधून तेवढंही नाही.

मी बोरिवलीला राहतो, फोर्टात एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. कोडिंग कुठे शिकलेलो नाही. एक्सेलचे फॉर्म्युले लांबत लांबत गेले आणि एक दिवस त्यांना फॉर्म्युला म्हणणं बरं दिसेना, एवढीच माझी पात्रता. लेखांचे कच्चे खर्डे चर्चगेट फास्टमध्ये मोबाइलवर लिहितो, अर्थात बसायला मिळालं तर.

आधी जाहिरातींचं गणित. ॲडसेन्स, म्हणजे आपल्या पानावर जाहिराती लावून पैसे देणारी गुगलची सेवा, २००३ साली आलं. भारतीय भाषांपैकी हिंदीला त्यात २०१४ च्या डिसेंबरात जागा मिळाली, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. जाहिरातदार जे मोजतो त्यातला साधारण ६८ टक्के वाटा लिहिणाऱ्याला मिळतो, म्हणजे वाटणीत काही खोट नाही. खोट आहे ती मूळ रकमेत. मराठी पानावर जाहिरात लावायला चढाओढ कमी, त्यामुळे भाव कमी. कर्ज, विमा, म्युच्युअल फंड अशा विषयांना जरा बरा दर मिळतो, पण तिथे मोठ्या वर्तमानपत्रांची संकेतस्थळं ठाण मांडून बसलेली असतात. कविता, प्रवासवर्णन, पाककृती यांना वाचक मिळतो, दर मिळत नाही.

समजा, हजार वेळा पान उघडलं गेलं की चाळीस रुपये मिळतात. हा आकडा फक्त उदाहरणाला धरा, विषयाप्रमाणे तो खूप हलतो. मग पाच हजार रुपयांसाठी महिन्याला सव्वा लाख वेळा पान उघडलं जायला हवं. रात्रीचे दोन तास देणाऱ्या एकट्या माणसासाठी हे फार झालं. त्यात हल्ली शोधयंत्र स्वतःच वरच्या वर उत्तर लिहून देतं, म्हणजे लोक तुमच्या पानापर्यंत पोचायच्या आतच परत फिरतात. आणि पैसे महिन्याच्या महिन्याला येतात असंही नाही. खात्यात शंभर डॉलर, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये, जमले की पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान बँकेकडे निघतात. तोवर शिल्लक पुढे ढकलली जाते. माझ्याकडे ती पुष्कळदा ढकलली जाते.

दोन बारीक गोष्टी सांगतो, कारण नवीन माणूस इथेच अडखळतो. दहा डॉलर झाले की पत्त्याची खातरजमा करायला एक पिन टपालाने घरी येतो. पत्ता लिहिताना विंग, मजला, खोली नंबर, पिनकोड हे सगळं पोस्टमनला समजेल असं लिहा. 'मारुती मंदिराच्या मागे' एवढ्यावर सिंगापूरहून किंवा आणखी कुठून निघालेलं पाकीट तुमच्या चाळीत पोचेल अशी आशा धरू नका. दुसरं म्हणजे, घरच्यांना आधीच बजावून ठेवा की कौतुकापोटी जाहिरातींवर टिचक्या मारायच्या नाहीत. स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करणं किंवा दुसऱ्यांना करायला सांगणं नियमात बसत नाही आणि त्यापायी खातं बंद होऊ शकतं. आमच्या मावशीला हे पटवायला मला लेख लिहिण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

आता जोडीची गोष्ट. माझ्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान हा मुळात लेखच नाही. आमच्या सोसायटीत एका सभासदाने फ्लॅट भाड्याने दिला आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क) किती लावायचे यावरून वार्षिक सभेत खडाजंगी झाली. नियम तसा सरळ आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाने हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. हे दहा टक्के सेवाशुल्कावर काढायचे, महापालिकेचा कर त्यात धरायचा नाही. घोळ नेमका तिथेच होतो, कारण बिलात सगळं एकत्र छापलेलं असतं आणि खजिनदार एकूण रकमेवर दहा टक्के काढून मोकळे होतात. मी नियमावर एक छोटा लेख लिहिला आणि त्याखाली चार चौकटी असलेला फॉर्म लावला: एकूण बिल टाका, कर टाका, सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी टाका, खाली उत्तर. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेच्या पंचवीस-तीस ओळी असतील. लेख लोक वरवर वाचतात, पण फॉर्म वापरतात, त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, आणि भांडणाची दुसरी बाजू तो तपासायला पुन्हा त्याच पानावर येते. मुंबईत सोसायट्या काही कमी नाहीत आणि भांडणं तर त्याहून जास्त.

या फॉर्मने मला एक मजा शिकवली. बरेच लोक रक्कम देवनागरी अंकांत टाकतात. तुम्ही शिकताय त्या पायथनला '१२३' हे अक्षरांच्या रूपात दिलं आणि पूर्णांक कर म्हटलं तर तो मुकाट एकशे तेवीस करून देतो. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट मात्र 'ही संख्याच नाही' म्हणून हात वर करते. त्यामुळे आधी प्रत्येक देवनागरी अंक बदलून घ्यावा लागतो. इंग्रजी पुस्तकांतून किंवा व्हिडिओंतून शिकताना हे कुणी सांगत नाही. हल्ली एआयला सांगून कोड लिहून घेता येतो, घ्याही, मी घेतो. पण त्याची परीक्षा मराठी मजकुरावर घ्या, मग कळेल कुठे फसतं ते.

फसण्याची जागा म्हणजे अक्षरं मोजणं. 'मुंबई' मध्ये आपल्याला तीन अक्षरं दिसतात. पायथन पाच मोजतो: म, उकार, अनुस्वार, ब, ई. 'क्षि' हे आपल्या लेखी एक अक्षर, त्याच्या लेखी चार. युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिप्या संगणकात साठवायच्या प्रमाण पद्धतीने, क्ष, त्र, ज्ञ सारखी जोडाक्षरं एकसंध धरायचा नियम २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आणला, त्यामुळे तुम्ही वापरता ती लायब्ररी (तयार कोडचा संच) त्याआधीची असली तर ती क्ष चे दोन तुकडे पाडते. शब्दकोडं किंवा शब्दांच्या भेंड्यांचा खेळ मराठीत बनवायला घ्या, पहिल्या तासात हे सगळं अंगावर येईल. पायथन शिकायला याहून चांगला गृहपाठ मला माहीत नाही. त्यातून पैसे मिळतील असं मात्र म्हणत नाही.

पैसे मिळाले ते जुन्या फॉन्टांतून. मराठी डीटीपीचा व्यवसाय कितीतरी वर्षं श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असल्या फॉन्टांवर चालला. युनिकोड देवनागरी विंडोजमध्ये २००० साली आली खरी, पण पानं जुळवायच्या पेजमेकर या प्रोग्रॅमला ती कळत नसे आणि छपाईची पानं पेजमेकरमध्ये लागत. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो निव्वळ कचरा. म्हणजे छोट्या प्रकाशकाकडे वीस वर्षांच्या दिवाळी अंकांच्या फायली आहेत, पण त्यांत शोध घेता येत नाही, त्या वेबसाइटवर टाकता येत नाहीत, ई-बुक करता येत नाही. पुन्हा टाइप करायला माणूस बसवायचा तर खर्च परवडत नाही.

मी एका फॉन्टचा बदलक, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्रॅम, लिहिला, ब्लॉगवर त्याची हकिगत लिहिली. बदलक लिहिणं म्हणजे मोठी कोष्टकं भरणं: या तुकड्याच्या जागी हे अक्षर. लांब तुकडे आधी बदलायचे, आखूड नंतर, नाहीतर अर्धा क आधीच खाल्ला जातो. खरी मारामारी वेलांटीशी आणि रफाराशी. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती नंतर येते. 'स्थिती' मध्ये ती नुसत्या स च्या पुढे सरकवून चालत नाही, अख्ख्या स्थ च्या पलीकडे न्यावी लागते. रफाराचं उलटं: 'कीर्ती' मध्ये तो ती च्या डोक्यावर म्हणून शेवटी साठवलेला, युनिकोडला हवा त च्या आधी. शिवाय 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन निराळ्या पद्धतींनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. सगळीकडे एकच पद्धत केलेली बरी.

हा बदलक गिटहब पेजेसवर ठेवलाय. स्थिर पानं तिथे फुकट ठेवता येतात, तिथे दुकान थाटायचं नसतं एवढंच. सगळं काम वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये होतं, मजकूर कुठे पाठवला जात नाही. ही गोष्ट मी पानावर ठळक लिहिली आणि तिचाच उपयोग झाला, कारण प्रकाशक आपली हस्तलिखितं परक्याच्या सर्व्हरवर टाकायला धजत नाहीत. मग ई-मेल येऊ लागल्या: आमचा फॉन्ट जरा वेगळा आहे, तुम्ही करून द्याल का? गिरगावातल्या एका छोट्या प्रकाशकाचं काम घेतलं, पानामागे दर ठरवून. बदलक नव्वदेक टक्के मजकूर बरोबर उतरवतो, उरलेला डोळे फोडून वाचावा लागतो, आणि पैसे खरं तर त्या वाचण्याचे असतात. दर सांगताना हे लक्षात ठेवा, नाहीतर 'बटण दाबायचे एवढे पैसे?' असं ऐकावं लागतं. अशा एका कामात जाहिरातींच्या वर्षभराच्या पैशांहून जास्त मिळाले. काम दर महिन्याला येत नाही, हेही सांगून ठेवतो. दिवाळी अंकांच्या हंगामाआधी विचारणा वाढते, मग सामसूम.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर जाहिरातींचा विचार सध्या बाजूला ठेवला असता. तुम्हाला नोकरीमुळे किंवा राहत्या जागेमुळे आतून माहीत असलेला एखादा किचकट हिशोब शोधला असता, त्यावर मराठीत नीट लिहिलं असतं आणि तो हिशोब करून देणारा फॉर्म खाली लावला असता. पायथन सोडू नका, फायलींचे गठ्ठे निस्तरायला तोच बरा. पण वाचकाच्या मोबाइलवर चालेल असं काही हवं तर जावास्क्रिप्टशी तोंडओळख लागेलच.

लोकल गाड्यांचं ॲप मात्र बनवू नका. मुंबईतला प्रत्येक नवशिका तेच बनवायला घेतो. एम-इंडिकेटर २०१० पासून आहे आणि लोकांच्या बोटांना त्याची सवय झालेली आहे. शिकण्यापुरतं करायचं असेल तर मेगाब्लॉकच्या रविवारी घरी बसून करा.

कंपनीबद्दल: नेमणूकपत्र काढून वाचा. परवानगीशिवाय दुसरं उत्पन्न घेऊ नये असं कलम बऱ्याच ठिकाणी असतं, ते असेल तर एचआरला लेखी विचारा. सरकारी नोकर असता तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ बघा म्हणालो असतो. आणि रक्कम कितीही चिल्लर असली तरी आयकर विवरणपत्रात दाखवा. ॲडसेन्सला अमेरिकेचा करविषयक फॉर्मही ऑनलाइन भरावा लागतो, तो किचकट दिसतो पण पंधरा मिनिटांत होतो.

लॅपटॉप नवा नको. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना चालेल. लॅमिंग्टन रोडला मिळतो, बॅटरी किती टिकते ते दुकानातच चार्जर काढून बघा आणि बिल घ्या. उरलेल्या पैशांतून स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या, वर्षाला हजार-बाराशेच्या आसपास पडतं.