जुन्या कॉम्प्युटरवर ‘रजिस्ट्री फाइल लोड होत नाही’ ही एरर पुन्हा पुन्हा का येते?

तुमची तक्रार अशी: गोव्यात पेडण्यात घर, २०१२ चा डेस्कटॉप, विंडोज ७. सुरू करताना निळा पडदा, त्यावर सी००००२१८ हा कोड आणि रजिस्ट्रीची फाइल लोड होत नसल्याचा मेसेज. रजिस्ट्री क्लीनर चालवून झाला, विंडोज दोनदा नव्याने टाकून झाली, तरी दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच.

विंडोज नव्याने टाकूनही तीच एरर येत असेल, तर दोष बहुधा रजिस्ट्रीत नाही, खालच्या हार्डवेअरमध्ये आहे. रजिस्ट्री म्हणजे शेवटी विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या, सिस्टम३२ मधल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरातल्या काही फायली: सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी, डिफॉल्ट. त्यांत सतत काही ना काही लिहिलं जातं, म्हणून डिस्क, रॅम किंवा विजेचा दोष तिथे लवकर उघडा पडतो. क्लीनर फक्त निरुपयोगी नोंदी पुसतो. इथे तो चालवणं म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. कृपा करून तो काढून टाका; चुकून कामाची नोंद गेली तर भलताच प्रोग्राम बंद पडतो.

कॉम्प्युटर सुरू होतोय तोवर फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. हे आधी, बाकी सगळं नंतर. कारण चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या कमांडची खोल तपासणी (स्लॅश आर लावून) पूर्ण डिस्क वाचून काढते, आणि मरायला टेकलेली डिस्क त्या ताणातच जाऊ शकते.

मग डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम उघडा. त्यातल्या यादीत प्रत्येक ओळीचा मूळ आकडा, म्हणजे रॉ व्हॅल्यू, सुरुवातीला हेक्सात (सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत) दिसतो. फंक्शन मेनूतल्या अ‍ॅडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन तो दशमानात करा. यादीतली ०५ ही ओळ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे सेक्टर. सी५ शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल, तर त्या डिस्कवर आणखी वेळ घालवू नका. २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी (साटा केबलने जोडायची, फिरते भाग नसलेली डिस्क) या मशीनला सहज बसते. सी७ मात्र वेगळा. तो आकडा डिस्कचा नसून बहुतेकदा केबलचा असतो. तो कधीच मागे जात नाही, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा, साटा केबल बदला, आठवड्याने पुन्हा बघा. तिथेच थांबला असेल तर दोष केबलचाच होता.

आपल्याकडे दुसरा संशयित रॅम. किनाऱ्याजवळचा खारा वारा आणि जून ते सप्टेंबरची ओल यांनी रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपट होतात. मुख्य वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, हात केसच्या लोखंडाला लावा आणि मग रॅम काढा. पांढऱ्या मऊ खोडरबराने पट्ट्या हलकेच घासा, चुरा झटका, क्लिकचा आवाज येईपर्यंत बसवा. नंतर पेनड्राइव्हवरून रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रामचे चारही पास (फेऱ्या) होऊ द्या. त्याला काही तास लागतात. एक जरी एरर आली तरी स्टिक एकेक करून तपासा. रॅम खोटं सांगत असेल तर डिस्क कितीही चांगली असो, फाइल चुकीचीच लिहिली जाणार.

राहिली वीज. लाईट गेल्यावर रजिस्ट्री लगेच मोडत नाही. बदल आधी लॉग फायलींत टिपले जातात आणि पुढच्या वेळी त्यांवरून जुळवले जातात. पण डिस्कने ‘लिहिलं’ म्हणून सांगितलं आणि डेटा अजून तिच्या कॅशमध्येच (तात्पुरत्या मेमरीत) असला, तर लॉगही अर्धाच राहतो. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ च्या, म्हणजे कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाल्याच्या, नोंदी बघा. त्यांच्या तारखा एररच्या आदल्या दिवसांशी जुळत असतील तर यूपीएस तपासा. त्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत दमते. चाचणी विंडोजमध्ये करू नका. बायोसच्या (विंडोजआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या) पडद्यावर असताना भिंतीचं बटण बंद करा. दोन मिनिटंही टिकला नाही तर बॅटरी बदला.

कारण सापडून दूर झाल्यावरच रजिस्ट्रीच्या फायली परत ठेवा. विंडोज ७ साधारण दर दहा दिवसांनी त्यांची प्रत कॉन्फिगमधल्या ‘रेगबॅक’ फोल्डरात ठेवतं. विंडोजच्या डीव्हीडीवरून रिपेअरमध्ये जा, कमांड प्रॉम्प्ट उघडा. तिथे सी ड्राइव्ह कधी डी म्हणून दिसतो, तेव्हा आधी डीआयआर (फोल्डरातली यादी दाखवणारी कमांड) देऊन खात्री करा. रेगबॅकमधल्या फायलींचा आकार शून्य नाही ना, हे बघा. मूळ पाचही फायलींना ‘ओल्ड’ नाव द्या, मगच प्रती आणा. पाचही एकाच तारखेच्या हव्यात. पासवर्ड सॅममध्ये असतात; ती जुनी आल्यामुळे मधल्या काळात बदललेला पासवर्ड चालणार नाही, जुनाच टाकावा लागेल.