कॅनडात ट्रक चालवायचाय? आधी रान गहाण टाकू नकोस

तुझं म्हणणं मी असं समजलो: संकेश्वरहून पुणे-बेंगळूर हायवेवर दहाचाकी चालवतोस, एसएसएलसी म्हणजे दहावी पास आहेस. बेळगावातला एक एजंट अठरा लाखांत कॅनडाचं वर्क परमिट आणि ट्रकची नोकरी ‘पक्की’ करून देतो म्हणतोय. त्यासाठी उसाचं रान गहाण टाकायचा घरात विचार चाललाय. तुझे प्रश्न दोन, एवढे पैसे द्यावेत का आणि बर्फात गाडी चालवणं किती धोक्याचं.

मी निपाणीकडचा, कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. तुला हे दोन प्रश्न वेगळे वाटतात. मला तो एकच प्रश्न वाटतो. रान गहाण टाकून आलेला ड्रायव्हर गाडी थांबवू शकत नाही, आणि इथं जीव वाचतो तो वेळेवर गाडी थांबवल्यानं.

कसं ते सांगतो. जानेवारी महिना, थंडर बे शहराच्या अलीकडं लेक सुपीरिअर या मोठ्या तळ्याच्या काठाचा हायवे 17. बहुतेक ठिकाणी येणारा-जाणारा एकच रस्ता, मध्ये दुभाजक नाही, वाऱ्यानं बर्फ आडवा उडतोय. डिस्पॅचर, म्हणजे कंपनीत बसून गाड्या सोडणारा, फोनवर म्हणतो, पार्टी थांबलीय, निघ. इथला कामगार कायदा धोक्याचं काम नाकारायचा हक्क देतो, आणि एका प्रांतातून दुसऱ्यात माल नेणारे आम्ही ड्रायव्हर त्यात येतो. पण परमिट त्याच मालकाच्या नावाचं असेल आणि गावाकडं व्याज चढत असेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. पोरगं किल्ली फिरवतं आणि निघतं.

आता एजंटाचं. परदेशी कामगार आणायला मालकाला सरकारकडून एलएमआयए नावाची मंजुरी घ्यावी लागते. तिची फी एका जागेला 1,000 डॉलर, ती मालकानं भरायची, कामगाराकडून वसूल करणं बेकायदा. म्हणजे तुझे अठरा लाख या मंजुरीसाठी लागत नाहीत. पूर्वी या मंजुरीमुळं कायम वास्तव्याच्या, म्हणजे पीआरच्या, अर्जात जादा गुण मिळायचे, म्हणून तिचा बाजार भरला होता. मार्च 2025 मध्ये ते गुण काढून टाकले. तुझा एजंट अजूनही ‘पीआर आपोआप होतंय’ म्हणत असेल, तर एक तर त्याला माहीत नाही किंवा त्याला सगळं माहीत आहे. भारत सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर नोंदणीकृत एजंटांची यादी असते, तीत त्याचं नाव शोध. नोंदणीकृत एजंटाला तुझ्याकडून 30,000 रुपये आणि वर जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं.

अमेरिकेचं विचारूच नकोस. ऑगस्ट 2025 मध्ये त्यांनी ट्रक ड्रायव्हरांचे कामाचे व्हिसा देणं थांबवलं.

लायसन्सबद्दल तुझा एक गैरसमज दिसतोय. चिकोडीचं केए-23 चं हेवी लायसन्स दाखवलं की इथलं मिळतं, तसं नाही गा. ऑन्टारिओत ट्रेलरच्या लायसन्सला एझेड म्हणतात, पश्चिमेकडच्या प्रांतांत क्लास 1. आधी कारचं पूर्ण जी लायसन्स, मग डोळे आणि मेडिकल, लेखी परीक्षा, सक्तीचं प्रशिक्षण आणि शेवटी रोड टेस्ट. ऑन्टारिओत 2017 पासून हे प्रशिक्षण किमान 103.5 तासांचं आहे, काही प्रांतांत त्याहून जास्त. फी हजारो डॉलरची. तुझ्या अनुभवाचा उपयोग कारच्या लायसन्सची वाट कमी करायला होतो, पण त्यासाठी आरटीओचा अधिकृत दाखला लागतो. तो निघण्याआधीच काढ, इथून मागवायला गेलास तर भावाला खेटे घालावे लागतील.

प्रशिक्षणावर एवढा जोर का, ते इथला प्रत्येक ड्रायव्हर जाणतो. 6 एप्रिल 2018 ला सस्कॅचेवान प्रांतात हम्बोल्ट गावच्या ज्युनियर हॉकी संघाची बस आणि दोन ट्रेलर जोडलेला ट्रक एका चौकात धडकले. 16 जण गेले, 13 जखमी. ट्रकवाला आपल्याच देशातून आलेला, जेमतेम दोन आठवड्यांच्या शिकवणीवर गाडी हाकत होता. मागच्या लोडवरची ताडपत्री फडफडत होती, त्याचं लक्ष आरशात, आणि थांबायचा बोर्ड सुटला. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. ताडपत्री सुटली तर आपल्याकडं काय करतात? पुढच्या धाब्यापर्यंत तशीच ओढतात. इथं आधी गाडी बाजूला घ्यायची.

तुझा हात तयार आहे यात शंका नाही. तवंदी घाटात लोडची गाडी उतरवणाऱ्याला गियर आणि ब्रेक शिकवायला नको. पण काही सवयी तिथंच टाकून ये. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणं, हॉर्नवर गाडी चालवणं, पुढच्याच्या बुडाला चिकटून जाणं. इथं उजव्या बाजूनं चालायचं, स्टिअरिंग डावीकडं आणि मागं 53 फुटी ट्रेलर. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कारखान्याच्या गेटात वळताना मागची ट्रॉली कशी आत खाते, बघितलायस ना? तसंच, फक्त इथं आतल्या बाजूला सायकलवाला असतो.

झोपेचा हिशोब मशीन ठेवतं. इंजिनाला जोडलेलं लॉगचं यंत्र असतं, चहापाणी देऊन सुटता येत नाही. कॅनडात दिवसाला 13 तास ड्रायव्हिंग, दिवसात 10 तास सुट्टी आणि त्यातले 8 सलग. अमेरिकेच्या हद्दीत शिरलं की ड्रायव्हिंग 11 तासच. यंत्रात दुसऱ्याच्या नावानं लॉगिन करून चालव म्हणणारा मालक भेटला, तर त्याची गाडी त्या दिवसापुरतीही घेऊ नकोस.

आता बर्फ. पांढरा बर्फ दिसतो, म्हणून त्याची भीती कमी. घात करतो तो न दिसणारा पातळ थर, रस्ता नुसता ओला वाटतो. एक खूण लक्षात ठेव: रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या टायरमागं पाण्याचा फवारा उडत नाही, म्हणजे खाली बर्फ आहे. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारं बटण) काढ, इंजिन ब्रेक बंद कर, पाय हलकेच उचल. जोरात ब्रेक दाबलास तर ट्रेलर बाजूनं पुढं यायला बघतो. पुलांवर रस्त्याआधी बर्फ धरतो. संध्याकाळी मूस येतात, बैलाहून उंच जनावर, अंगाचा रंग असा की दिव्यात उशिरा दिसतं. केबिनमध्ये जाड कपडे, ब्लँकेट, पाणी आणि खायचं ठेव. रस्ता बंद झाला की रात्र तिथंच काढायची असते. उणे तीसला डिझेलसुद्धा गोठायला लागतं.

पोचल्यावर आणखी एक सापळा आहे. मालक म्हणेल, स्वतःची कंपनी काढ, तुला पूर्ण पैसे देतो, टॅक्स कापत नाही. याला इथं ‘ड्रायव्हर इंक’ म्हणतात. हातात जास्त पडल्यासारखं वाटतं, पण अपघात झाला तर कामगार विमा नाही, काम गेलं तर भत्ता नाही, रजेचा पगार नाही, आणि टॅक्सची नोटीस तुझ्या नावावर. बरेच मालक आपलेच देशवाले असतात, हिंदीत गोड बोलतात, म्हणून पोरं फसतात.

येऊच नको असं मी म्हणत नाही. इंग्रजीची परीक्षा दे. मराठी, कन्नड, हिंदीवर गाडी पुण्याला पोचते, इथं तपासणीवाल्याशी इंग्रजीतच बोलावं लागतं. दोन हंगाम त्यावर घालव, मग गुण बघून अर्ज कर. पासपोर्टवर पूर्ण आडनाव आणि लायसन्सवर नुसतं इनिशियल असेल, तर आत्ताच सारखं करून घे, या एका अक्षरावर फायली अडतात. आणि एजंटानं दिलेलं ऑफर लेटर असेल तर त्याचा फोटो मला पाठव. कंपनीचं नाव, तासाचा दर आणि खालचा सही करणारा कोण, तेवढं बघून सांगतो. तोवर सोसायटीत सातबाऱ्याचा, म्हणजे आपल्या उताऱ्याचा, कागद नेऊ नकोस.