मोठा टीव्ही, मुंबईचा हॉल : वाचकांचे प्रश्न

मोठ्या टीव्हीबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. मॉडेलं आणि किमती सतत बदलतात, त्यामुळे त्यांत शिरलेलो नाही. किमतीबद्दल एकच सांगतो : २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या जाहिरातीतली किंमत दाखवून कुणी ‘बघा किती सूट’ म्हणत असेल, तर त्यातली थोडी सूट सरकारची आहे.

आमचा हॉल दहा बाय चौदाचा आहे. सोफा चौदा फुटांच्या भिंतीला, टीव्ही समोरच्या भिंतीवर. ५५ इंची घ्यावा की ६५? दुकानदार तर ७५ घ्या म्हणतो. (मुलुंड)

अंतर भिंतीपासून भिंतीपर्यंत धरू नका, डोळ्यांपासून पडद्यापर्यंत धरा. सोफ्याची पाठ, टेकून बसल्यावरचं डोकं आणि ब्रॅकेटसकट पुढे आलेला टीव्ही हे सगळं वजा केलं की तुमच्या दहा फुटांतले जेमतेम आठ उरतात, म्हणजे २४४ सेंटिमीटर. पडद्याच्या कर्णाच्या साधारण १.२ ते १.६ पट अंतर डोळ्यांना सोयीचं पडतं. ६५ इंचांचा कर्ण १६५ सेंटिमीटर, म्हणजे दोन मीटरपासून २.६ मीटरपर्यंत. ५५ इंचांसाठी १.७ ते २.२ मीटर. तुम्ही सिनेमे आणि मालिका ओटीटीवर बघत असाल तर ६५ बिनधास्त घ्या. दिवसभर केबलवर बातम्याच चालू असतील तर ५५ पुरे, कारण साधं (एचडी नसलेलं) चॅनल जितकं मोठं कराल तितकं ते फुटतं. ७५ इंचीही या हिशेबात जेमतेम बसतो, पण इतक्या जवळून क्रिकेट बघताना धावफलकासाठी नजर सारखी कडेला न्यावी लागेल.

घ्यायच्या आधी वर्तमानपत्रं जोडून १४५ बाय ८३ सेंटिमीटरचा आयत भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. ६५ इंची टीव्ही साधारण तेवढी जागा घेतो. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून १०० ते ११० सेंटिमीटरवर येतात, तिथेच पडद्याचा मध्य यायला हवा. म्हणजे टीव्हीची खालची कड ६० ते ७० सेंटिमीटरवर. बसवणारा माणूस सवयीने चार फुटांवर खूण करतो. त्याला हा आकडा आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढची सात वर्षं मान वर करून बघावं लागेल.

जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट चार माणसांची. ६५ इंची टीव्ही वर येईल का? (गिरगाव)

खोका दीड मीटरहून लांब असतो आणि तो उभाच, म्हणजे लांब कडेवर, न्यावा लागतो. आडवा निजवला की पडदा स्वतःच्याच वजनाने वाकतो आणि आतून तडकू शकतो. खोक्याची मापं दुकानातून लिहून घ्या आणि लिफ्टचा आतला कर्ण मोजा. बसत नसेल तर जिन्याच्या वळणावरचं लँडिंग मोजा. तिथेही अडत असेल तर खोका कठड्यावरून उचलून वळवायला दोघे नव्हे, तिघे लागतात. वर आल्यावर खोका उघडताना व्हिडिओ काढा आणि डिलिव्हरीच्या माणसासमोरच टीव्ही सुरू करून पांढरा, काळा, लाल अशी एकरंगी चित्रं लावून बघा. फुटलेला पडदा वॉरंटीत येत नाही, आणि पडदा बदलायचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो.

नव्या टॉवरमध्ये राहायला आलो. ब्रॅकेटचे स्क्रू भिंतीत फिरतात, घट्टच होत नाहीत. इलेक्ट्रिशियन जाडे स्क्रू घालू म्हणतो. (भांडुप)

त्याला आधी थांबवा. ड्रिलमधून काय पडतं ते बघा. लाल भुकटी असेल तर वीट, राखाडी आणि ड्रिल अडकत असेल तर काँक्रीट, पांढरट हलकी पिठासारखी भुकटी असेल तर सिपोरेक्स, म्हणजे सिमेंटचे हलके ब्लॉक. तुमची भिंत बहुधा सिपोरेक्सची आहे. हा ब्लॉक बारीक छिद्रांचा आणि ठिसूळ असतो. साधा प्लास्टिकचा प्लग त्यात फिरतो, आणि लोखंडी अँकर बोल्ट फुगला की ब्लॉकच आतून फुटतो. जाड्या स्क्रूने भोक फक्त मोठं होईल.

सिपोरेक्ससाठी लांब नायलॉनचे वेगळे प्लग मिळतात. भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, बिट प्लगच्या मापाचंच घ्या आणि खोली आठ-दहा सेंटिमीटर ठेवा. वरच्या प्लास्टरची जाडी या खोलीत धरायची नाही, त्याला काही ताकद नसते. भोकातली भुकटी फुंकून पूर्ण काढा. आधीची भोकं सैल झाली असतील तर तिथेच खटपट करण्यापेक्षा १८ मिलिमीटरचा प्लायवूडचा रुंद तुकडा आठ-दहा ठिकाणी पकडून भिंतीवर बसवा आणि ब्रॅकेट त्यावर लावा. किंवा केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरून घट्ट होणारा गोंद, वापरा. पूर्ण सुकेपर्यंत त्याच्यावर वजन टाकायचं नाही. ६५ इंची टीव्ही साधारण २० ते २५ किलोचा असतो. सपाट ब्रॅकेटवर ते वजन खाली जातं. पुढे ओढता येणारा हात असलेल्या ब्रॅकेटवर मात्र वरचे स्क्रू भिंतीबाहेर खेचले जातात. सिपोरेक्सवर असं ब्रॅकेट लावूच नये, असं आमचं मत आहे.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायरींचा पाइप तिथूनच जातो. फर्निचर नव्याने करत असाल तर टीव्हीमागून खालच्या कपाटापर्यंत किमान ४० मिलिमीटरचा पाइप भिंतीत टाकून घ्या. नेहमीच्या वायरिंगच्या पाइपातून एचडीएमआयचं डोकं वळणावर अडकतं, आणि मग सगळ्या वायरी भिंतीवरून लोंबतात.

आणखी एक : पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत टाळा. पोपडे सुटलेल्या भिंतीवर टीव्ही लावला तर ओल थेट मागच्या जाळीतून आत जाते. दुसरी भिंतच नसेल तर टेबलावर ठेवा, पण आधी पायांमधलं अंतर बघा. ६५ इंचीचे पाय पुष्कळदा एकमेकांपासून एक मीटरहून लांब असतात आणि जुन्या टीव्ही युनिटवर मावत नाहीत.

फोर-के टीव्ही घेतला, पण मराठी चॅनल जुन्या टीव्हीपेक्षा धूसर दिसतात. टीव्ही खराब आहे का? (दहिसर)

टीव्ही ठीक आहे. साध्या चॅनलचं चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, तुमचा पडदा ३८४० बाय २१६०. चॅनलचा एक ठिपका पडद्यावरच्या २० ठिपक्यांवर ताणावा लागतो. सेट-टॉप बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडला असेल तर एचडीएमआय लावा, बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० निवडा, आणि पॅकमध्ये त्या चॅनलची एचडी आवृत्ती घेतली आहे का बघा. बॉक्स एचडी आणि चॅनल साधं, हा प्रकार घरोघरी दिसतो. टीव्हीत ‘व्हिव्हिड’ हा भडक चित्राचा पर्याय बंद करून शार्पनेस उतरवा. तो वाढवला की धूसरपणालाच काठ येतात.

स्टॅबिलायझर घ्यावा का? (परळ)

टीव्हीच्या मागची पट्टी वाचा. बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे कमी व्होल्टेज तो स्वतःच सांभाळतो. टीव्ही मरतो तो जास्त व्होल्टेजने. मीटर रूममध्ये न्यूट्रलची वायर सैल झाली की एखाद्या घरात २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्ट पोचू शकतात. काही दिवे एकदम प्रखर आणि काही मंद झाले तर तेच चाललं आहे असं समजा, मेन स्विच पाडा आणि वॉचमनला सांगून शेजाऱ्यांनाही पाडायला लावा. साधा स्पाइक गार्ड इथे उपयोगी नाही, तो क्षणभराचा झटका झेलतो, आणि अर्थिंग नीट नसेल तर तोही पुरता नाही. मर्यादेपलीकडे वीज तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर गच्चीवरच्या डिशची वायरही काढा. ती विसरली जाते आणि झटका तिच्यातून येतो.

तीन वर्षांत टीव्ही फार मंद झाला. ओटीटीची स्टिक लावली तर ती सारखी बंद-चालू होते. (बोरिवली)

स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देत असाल. ती कमी पडते, स्टिकबरोबर आलेला अ‍ॅडॉप्टर सॉकेटमध्ये लावा. बाकी स्टिक घेतलीत ते बरंच केलंत, पडदा चांगला असताना फक्त मंद झाला म्हणून टीव्ही बदलू नये.

संवाद ऐकू येत नाहीत, मारामारी मात्र शेजारपर्यंत जाते. (दादर)

पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा त्यासारखा पर्याय लावा, आणि अ‍ॅपमध्ये ५.१ (सहा स्पीकरसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ ऑडिओ निवडा. साउंडबार घेतलात तर तो ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच जोडायचा. आवाज आलाच नाही तर टीव्हीचा डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करून बघा.

अ‍ॅपवर मॅच बघताना समोरच्या विंगमध्ये आधी ‘सिक्स’ ओरडतात, मग आमच्याकडे बॉल पडतो. इंटरनेट वाढवू का? (कांदिवली)

वाढवू नका. अ‍ॅपवरचं थेट प्रक्षेपण तुकडे करून साठवत-साठवत येतं, त्यामुळे ते केबल किंवा डिशच्या मागेच राहतं. १०० एमबीपीएसचं कनेक्शन ३०० केलंत तरी फरक पडणार नाही. मॅचपुरता सेट-टॉप बॉक्स चालू ठेवा.