मराठी विकिपीडियावर सोलापूरबद्दल लिहायचंय, पण मी अभ्यासक नाही. मला कोण लिहू देईल? आणि लिहिलेलं कोणी खोडलं तर?

तुम्ही अभ्यासक आहात का, हे तिथे कोणी विचारत नाही. खातं उघडलं की झालात सदस्य. विचारतात ते एवढंच, की हे कुठून घेतलं? आपली गाडी नेमकी तिथेच अडते, कारण सवय व्हॉट्सअ‍ॅपची.

१२ जानेवारी जवळ आली की चार हुतात्म्यांचे मेसेज फिरायला लागतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. एखाद्या मेसेजमध्ये मात्र ती सोलापुरातच होते, एखाद्यात साल १९३० पडतं (ते मार्शल लॉचं साल). चूक दिसली तरी दुरुस्त करणार कुठे? मूळ मेसेज कोणाचा तेच कळत नाही. विकिपीडियाच्या प्रत्येक पानाला इतिहास असतो. कोणत्या सदस्याने कोणत्या तारखेला कोणता शब्द बदलला ते दिसतं, जुनी आवृत्ती परतही आणता येते. माझ्या लेखी खरा फरक हाच.

खोडतील का? हो, खोडतील. गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांबद्दल आजोबांकडून ऐकलेलं जसंच्या तसं लिहिलंत, तर कोणीतरी उलटवणारच. चिडू नका, चर्चा पानावर विचारा. मग हिराचंद नेमचंद वाचनालय गाठा, पुस्तक शोधा आणि पान क्रमांकासकट संदर्भ द्या. पेपरातला परिच्छेद उचलून चिकटवू नका, तो प्रताधिकाराच्या (कॉपीराइटच्या) कारणाने काढला जातो आणि जायलाच हवा. सरावाला धूळपाटी नावाचं पान आहे, तिथे काय वाट्टेल ते करा.

छापील संदर्भ मागण्याच्या या नियमाचा मला रागही येतो. उभं आयुष्य मागावर काढलेल्या माणसाला चादरीबद्दल जे ठाऊक असतं, ते बहुतेक कुठे छापलेलंच नसतं. मग ते यायचं कसं? मी फोटोंवर भर देतो. मागाच्या वर बसवलेलं जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणवून घेणारं यंत्र, त्यातून फिरणारी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं आणि खाली त्याच भोकांबरहुकूम उमटत जाणारी नक्षी असे जवळून फोटो काढून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यावर, चढवा. कारखानदाराला आधी विचारा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. फोटो स्वतः काढलेला हवा, आणि तो कोणीही, अगदी धंद्यासाठीही, तुमचं नाव देऊन वापरू शकेल हे मान्य हवं. सार्वजनिक जागी कायम असलेल्या इमारती नि पुतळे यांचे फोटो आपल्या कायद्यात चालतात. चौकाचौकातल्या फ्लेक्सचे नाही, म्हणजे निम्मं सोलापूर बाद!

लिहिण्याचाच कंटाळा असेल तर ओपनस्ट्रीटमॅप बघा, हा कोणीही भर घालू शकेल असा नकाशा. तिथे एकाच जागेला मराठी, तेलुगू, कन्नड अशी वेगवेगळी नावं देता येतात, आणि आपलं गाव तर तिन्ही भाषा बोलणारं. मला तेलुगू लिपी येत नाही. आमच्या चौकाचं नाव शेजारच्या काकूंनी कागदावर लिहून दिलं, ते मी नकाशात भरलं. पुढे कोणा अनोळखी माणसाने त्यातली एक मात्रा बदलली. काकूंना दाखवलं तर म्हणाल्या, "त्याचंच बरोबर आहे की!" कन्नडची जागा रिकामी आहे. तुमच्या घरात कोणी कन्नड लिहिणारं असेल तर सुरुवात आपल्या गल्लीच्या नावापासून करा.