कीर्तनात कॉलर माइकचा आवाज मधीच का तुटतो?

प्रश्न: दादा, आमच्या गावात बीडकडं सप्ताह चालूय, कीर्तन रंगात आलं की महाराजांचा कॉलर माइक खरखर करतो अन् बंदच पडतो, काय करावं?

उत्तर: भाऊ, आधी रिसीव्हर, म्हणजे माइकचा बिनतारी सिग्नल पकडणारा डबा, कुठं ठेवलाय बघा. बऱ्याच मंडपात तो खाली सतरंजीवर अँप्लिफायरच्या मागं असतो अन् मधी टाळकरी उभे, माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी, ते सिग्नल खातं. रिसीव्हर डोक्याच्या वर, महाराज सरळ दिसतील असा ठेवा, दोन्ही अँटेना व्हीसारख्या उघडा. महाराजांच्या कमरेच्या ट्रान्समीटरची, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या डबीची, अँटेना धोतरात गुंडाळू नका, मोकळी लोंबू द्या, हे लई जण चुकतात. दोन माइक असले तर फ्रिक्वेन्सी वेगळ्या लावा. आणि कीर्तनाआधी सेल नवे टाका, तिथं काटकसर नकोच.